लॉक असूनही फोन का चोरतात?

वाचकांचे प्रश्न : मोबाईल आणि आपण

प्रश्न : दादा, नमस्कार. तासगावच्या रथोत्सवात माझ्या मुलीचा फोन गेला. दोर ओढायला ही झुंबड, गुलाल-पेढ्यांची उधळण, आणि तेवढ्यात तिच्या पर्समधून कुणीतरी फोन काढला. फोनला बोटाचा ठसा होता, पॅटर्न होता. विकताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, हल्लीच्या फोनला असं लॉक असतं की चोराला तो दगड." मग चोराने दगड कशाला नेला? आमचे हे म्हणतात, सरकारने प्रत्येक फोनला चोरीविरोधी लॉक सक्तीचं करावं, चोऱ्या आपोआप थांबतील. खरंच थांबतील का?
— एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, पोलिसांत तक्रार दिली की नाही, हे तुमच्या पत्रात नाही. म्हणून आधी तेच सांगतो. पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत घ्या. मुलीच्या त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढा, कारण पुढचा ओटीपी त्यावर येतो. मग दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय नंबर भरून फोन ब्लॉक करा. आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा पंधरा आकडी ओळख नंबर, तो खोक्यावर छापलेला असतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात, दोन्ही भरा. एकदा ब्लॉक झाला की देशातल्या कुठल्याच कंपनीचं सिम त्या फोनमध्ये चालत नाही, आणि कुणी घालून पाहिलंच तर त्याचा माग पोलिसांना मिळतो. ही सोय २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रात प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि मे २०२३ पासून देशभर आहे. पोर्टलवरून मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवा. फोन सापडला तर ब्लॉक काढायला तोच लागतो. बँकेला फोन करून यूपीआय बंद केलं नसेल तर ते आजच करा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. सांगलीत मारुती रोडच्या मागे माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि बरीच वर्षं मी याच टेबलावर बसलोय. त्यामुळे जे सांगतो ते टेबलाच्या या बाजूने दिसतं तसं सांगतो.

रथाच्या गर्दीत पर्समध्ये हात घालणारा माणूस कंपनी बघत नाही, मॉडेल बघत नाही, लॉक तर नाहीच नाही. हाताला लागेल ते घेतो आणि पुढे सरकवतो. लॉकची डोकेदुखी होते ती त्याच्याकडून फोन घेणाऱ्याला. म्हणजे लॉक आधी अडवतं ते गिऱ्हाइकाला. गिऱ्हाईक भाव पाडतं, घ्यायला नाही म्हणतं, तेव्हा कुठे ती गोष्ट चोरापर्यंत पोचते. मधली साखळी फोन घ्यायला तयार आहे तोवर चोराला लॉकची फिकीर करायचं कारणच नाही.

दुसरं असं की फोनला लॉक दोन प्रकारची असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. बोटाचा ठसा, पिन, पॅटर्न हे स्क्रीनचं लॉक. ते तुमचे फोटो, मेसेज, बँकेचं ॲप सांभाळतं. पण फोन बटणं दाबून पूर्ण फॉरमॅट मारला की ते लॉक जातं. त्यानंतर उरतं ते खात्याचं लॉक. फॉरमॅट झालेला फोन चालू होताना विचारतो, आधी यात कोणाचं गुगल किंवा ॲपल खातं होतं, त्याचा पासवर्ड टाका. तो टाकल्याशिवाय पुढे जात नाही. हे सातबाऱ्यावरच्या नावासारखं आहे : कुणी घुसून वावरात बसला म्हणून जमीन त्याच्या नावावर होत नाही. चोरीविरोधी म्हणतात ते हेच लॉक. मुलीच्या फोनमध्ये तिचं स्वतःचं जीमेल खातं घातलेलं होतं ना, हे मला तुमच्याकडून कळायला हवं होतं. सगळा फरक तिथेच पडतो.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं हवेतलं नाही. अमेरिकेत हे करून झालंय. २०१३ च्या सुमाराला न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोत लोकांच्या हातातले फोन हिसकावून नेण्याचा सुळसुळाट झाला होता. तिथल्या सरकारी वकिलांनी कंपन्यांच्या मागे लागून मोहीम काढली, लंडनचे महापौरही तिच्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपलने आयफोनला खात्याचं लॉक दिलं. २०१४ मध्ये मिनेसोटा आणि मग कॅलिफोर्निया या राज्यांनी कायदाच केला, आणि दोन्हीकडे तो १ जुलै २०१५ पासून लागू झाला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लॉक नुसतं फोनमध्ये असून चालणार नाही. नवा फोन सुरू करताना फोनने स्वतःहून ते लावायला सुचवलं पाहिजे, नको असेल त्याने मुद्दाम नाकारावं. तसं नसलेला फोन जाणूनबुजून विकला तर फोनमागे ५०० ते २,५०० डॉलर दंड.

परिणाम दिसला. आयफोनला लॉक आल्यानंतरच्या वर्षभरात आयफोनच्या चोऱ्या सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटल्या, लंडनमध्ये फोनचोऱ्या निम्म्यावर आल्या, असं त्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. ही घट कॅलिफोर्नियाचा कायदा लागू होण्याआधीची आहे, म्हणजे ती लॉकची आहे, कायद्याची नाही. मोहीम चालवणाऱ्यांनीच दिलेले आकडे आहेत, तेव्हा सगळं श्रेय लॉकला देताना हात जरा आखडता घ्यावा. पण त्याच काळातली दुसरी नोंद मला जास्त पटते. २०१४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत न्यूयॉर्कमध्ये आयफोनच्या चोऱ्या उतरल्या आणि सॅमसंगच्या चढल्या. सॅमसंगला तेव्हा तसं लॉक सर्रास नव्हतं. म्हणजे चोरांच्या बाजारात बातमी बरोबर पोचली होती. लॉक एकाच कंपनीच्या फोनला असेल तर चोर दुसरीकडे वळतो, आणि ज्याच्याकडे बिनलॉकचा फोन आहे त्याच्या वाट्याला दुसऱ्याची चोरी येते. सक्ती हवी ती यासाठी. माझं मतही सक्तीच्या बाजूनेच आहे.

मात्र "आपोआप थांबतील" हे मला मान्य नाही. लंडनचंच बघा. आज तिथे जवळपास प्रत्येक फोनला खात्याचं लॉक आहे, तरी २०२४ मध्ये ऐंशी हजारांच्या आसपास फोन चोरीला गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या पोलिसांनी एक टोळी उघडकीला आणली. तिने वर्षभरात चाळीस हजारांपर्यंत चोरीचे फोन चीनला पाठवल्याचा त्यांना संशय आहे. लॉक असलेल्या फोनलाही तिकडे किंमत येते ती सुट्या भागांची.

हे मी रोज हाताने करतो म्हणून सांगू शकतो. मागची काच गरम करून उचलली, स्क्रू काढले की फोनचे तुकडे टेबलावर वेगळे होतात : फोल्डर म्हणजे डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरे, चार्जिंगची पट्टी, स्पीकर आणि बोर्ड. खात्याचं लॉक बसलेलं असतं बोर्डाशी. बहुतेक फोनच्या बाकीच्या भागांना लॉक नाही, मालकाचं नाव नाही. फुटलेल्या स्क्रीनचा फोन घेऊन गिऱ्हाईक येतं. कंपनीच्या नव्या फोल्डरचा भाव ऐकून त्याचा चेहरा पडतो. कॉपी फोल्डर दाखवला तर रंग फिका दिसतो. मग तो विचारतो, "ओरिजिनल, पण काढलेला, मिळेल का?" त्या 'काढलेल्या'मध्ये काही खराब झालेल्या फोनचे असतात आणि काही कोणाच्या तरी पर्समधून गेलेल्या फोनचे. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून बिल न देणाऱ्याकडून मी काढलेला माल घेत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत. ॲपलने सप्टेंबर २०२४ पासून डिस्प्ले, बॅटरी, कॅमेऱ्यापर्यंत हे लॉक पोचवलं. चोरीच्या फोनचा भाग दुसऱ्या आयफोनला लावला तर तो फोन मूळ मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागतो. आपल्या भागात दहा-बारा हजारांचे जे फोन जास्त चालतात, त्यांत असं काही नाही. सक्तीचा कायदा करायचाच असेल तर तो सुट्या भागांपर्यंत जायला हवा, नाहीतर अर्धा बाजार मोकळाच राहतो.

आणखी एक दार उघडं आहे, ते माझ्यासारख्यांच्या दुकानाचं. एखादा पोरगा येतो, फोन काउंटरवर ठेवतो, आधीच्या खात्याचा पासवर्ड मागणारी पाटी स्क्रीनवर असते. "दादा, हे लॉक तोडून द्या, आजीचा फोन आहे, ती विसरली." मी बिल मागतो. नाही. खोकं? नाही. मग आजीलाच घेऊन ये म्हणतो, चहा पाजतो तिला. खरी आजी असेल तर संध्याकाळपर्यंत येते, आणि बऱ्याचदा येतेच, हेही सांगितलं पाहिजे. खोटी असेल तर पोरगा फोन उचलतो आणि पुढच्या दुकानात जातो. जुन्या अँड्रॉइडवर हे लॉक ओलांडायच्या वाटा होत्या, अजूनही काही आहेत, आणि काही शे रुपयांसाठी ते करून देणारे आहेत. गुगलने अँड्रॉइड १५ पासून हे बरंच आवळलंय, पण लोकांच्या हातात आहेत ते जुने फोन. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने बिल बघितल्याशिवाय लॉकला हात लावायचा नाही, एवढं एकच पाळलं तर सांगली-मिरजेत चोरीच्या फोनचा भाव पडेल असं मला मनापासून वाटतं. खरा मालक बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेला तर ते काढून देतात. प्रामाणिक माणूस अडत नाही.

आपल्याकडे असा कायदा नाही. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीपासूनच घालून द्यायचा आदेश काढला होता. खासगीपणावरून आरडाओरडा झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ते ॲप सरकारला कळवायचं साधन आहे, फोन बंद पाडणारं लॉक नाही. दोन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधू नयेत. आणि नुसतं नेटवर्क ब्लॉक करूनही भागत नाही. आपलं ब्लॉकिंग आपल्या देशापुरतं आहे. चोरीचे फोन नेपाळ-बांगलादेशात पाठवणाऱ्या टोळ्या आपल्या पोलिसांनीच अनेकदा पकडल्यात. सीमेपलीकडेही सोबत जातं ते खात्याचं लॉक.

ताई, एक सावधगिरी मात्र मुलीला आजच सांगा. फोन गेल्यावर काही दिवसांनी तिच्या नव्या सिमवर मेसेज येऊ शकतो : "तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथे दाबा." उघडलेलं पान हुबेहूब ॲपल किंवा गुगलचं दिसतं आणि पासवर्ड मागतं. लॉक मोडत नाही म्हणून ते लोक मालकाकडूनच किल्ली काढून घेतात. कधी गोड बोलून ओटीपी मागणारा फोन येतो. पासवर्ड द्यायचा नाही, ओटीपी द्यायचा नाही, आणि "हे डिव्हाइस खात्यातून काढा" असं कोणी म्हटलं तर काढायचं नाही. फोन मिळाला नाही तरी तो तिच्याच नावावर राहू दे.

प्रश्न : मी ओळखीच्या माणसाकडून सेकंडहँड फोन घेतला. बिल नव्हतं, पण भाव फारच चांगला होता. महिनाभर नीट चालला, मग नेटवर्कच गेलं. दुसरं सिम टाकलं तरी तेच. एक जण म्हणतो आयएमईआय बदलून देतो, फोन परत सुरू होईल. करू का?
— एक तरुण वाचक, विटा

उत्तर : अजिबात करू नका. तुमच्या फोनचा आयएमईआय बहुधा मूळ मालकाने ब्लॉक केलाय. खात्री करायची असेल तर फोनवर *#०६# दाबा, आकडे उतरवून घ्या. मग मेसेजमध्ये 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, असं लिहून १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत आहे का ते उत्तरात येतं. आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आज तुम्ही फसलेले गिऱ्हाईक आहात. नंबर बदललात की गुन्ह्यात भागीदार झालात.

फोन घेऊन विट्याच्या पोलीस ठाण्यात जा. कोणाकडून घेतला, किती पैसे दिले, यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंद, सगळं सांगा. ओळखीच्या माणसाचं नाव सांगायला जड जातं, मला कळतं. पण चोरीचा माल आहे हे कळल्यावरही तो जवळ ठेवणं भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे. तुम्ही आपणहून गेलात, हे तुमच्या बाजूने जमा होईल.

पुढच्या वेळी फोन घेताना पैसे द्यायच्या आधी १४४२२ ला मेसेज करा. विकणाऱ्याला तुमच्यासमोर सेटिंग्जमधून त्याचं खातं काढायला लावा, सेटिंग्जमधूनच फोन फॉरमॅट करायला लावा, आणि तुमचं जीमेल घालून फोन पूर्ण सुरू झाला की मगच पैसे मोजा. ज्याचा स्वतःचा फोन आहे त्याला हे करायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. "पासवर्ड नंतर पाठवतो" म्हणाला तर उठून या. बिल, खोकं आणि विकणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी घ्या, मग तो सख्खा मावसभाऊ असला तरी.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानेच जीमेल काढून दिलं. पासवर्ड मला माहीत नाही. तुम्ही सांगता ते लॉक माझ्याच फोनवर बसलं तर मीच बाहेर राहीन, ही भीती वाटते. ते काढूनच टाकू का?
— एक वाचक, जत

उत्तर : गुरुजी, काढू नका, तुमची भीती मात्र खरी आहे. माझ्याकडे खात्याच्या लॉकमुळे अडकून येणाऱ्यांत तुमच्या वयाची माणसं फार असतात, आणि कारण बहुतेक वेळा हेच : दुकानातल्या पोराने घाईत काढलेलं खातं. काही ठिकाणी तर एकाच मुलाच्या जीमेलवर गावातले कित्येक फोन चालू केलेले असतात. म्हणजे फोन तुमचा, सातबारा त्याचा. याला दुकानदार जबाबदार आहेत. फोन विकताना गिऱ्हाइकाचं खातं त्याच्याच हाताने काढून घेणं हा विक्रीचाच भाग आहे.

फोन चालू आहे तोवर हे सहज दुरुस्त होतं. मुलाला किंवा नातवाला शेजारी बसवा. सेटिंग्जमध्ये गुगलवर जा, कोणतं खातं आहे ते बघा. ते तुमच्या नावाचं असेल तर तिथूनच पासवर्ड बदला. जुना आठवत नसला तरी फोनचा पिन टाकून बहुतेक वेळा बदलता येतो. खात्यात तुमचा मोबाईल नंबर आणि घरातल्या कोणाचा तरी ईमेल जोडून ठेवा, म्हणजे विसरलात तर परत मिळवता येईल. खातं दुसऱ्याच कुणाचं निघालं तर स्वतःचं नवं काढून आत घाला, नंबर आणि फोटो त्यात आले आहेत हे तपासा आणि मगच जुनं काढा. पासवर्ड एका वहीत लिहा आणि वही कपाटात बँकेच्या पासबुकाजवळ ठेवा. मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका. तीही फोनबरोबरच जाते. खोक्यावरचा आयएमईआयही त्याच पानावर उतरवून घ्या. फोन कधी विकायचा किंवा कोणाला द्यायचा झाला तर आधी खातं काढा, नाहीतर घेणारा अडकेल.